हेल्मेटच्या आतला मार

३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळ गहुंजेला भारताची इंग्लंडविरुद्धची चौथी टी-ट्वेन्टी. आपल्या डावाच्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. फिजिओनं तपासलं, दुबे पुन्हा उभा राहिला आणि अखेरच्या चेंडूवर धावबाद झाला. डाव संपल्यावर डोकं दुखू लागलं. बदली म्हणून हर्षित राणा उतरला, त्यानं ३ बळी टिपले, भारत १५ धावांनी जिंकला. फलंदाजाच्या जागी चक्क वेगवान गोलंदाज कसा, यावर इंग्लंडचा कर्णधार बटलर वैतागला आणि पुढची सगळी चर्चा त्यावरच झाली. दुबेच्या डोक्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

खरा मुद्दा तिथंच होता. मैदानावरच्या पहिल्या तपासणीत खेळाडू ठीक वाटतो आणि त्रास नंतर सुरू होतो, हे कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्यात, नेहमीचंच. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ मार खाऊनही पुन्हा फलंदाजीला आला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड. त्याच्या जागी लाबुशेन उतरला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू.

हेल्मेट कवटी वाचवतं, पण कवटीच्या आत द्रवात तरंगणाऱ्या मेंदूला हिसका बसायचा तो बसतोच. त्या हिसक्यानं पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवायला पेशींना जास्त साखर लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तुटलेलं काहीच नसतं, कामकाज बिघडलेलं असतं. म्हणून सीटी स्कॅन बहुतेक वेळा ‘नॉर्मल’ येतो. आत रक्तस्राव नाही, एवढंच तो सांगतो. रिपोर्ट हातात आला की मुलाला मैदानात धाडणारे पालक इथंच फसतात. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही. दहातल्या नऊ जणांची हरपत नाही.

मग ओळखायचं कसं? प्रश्न विचारून. आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गुण कुणी घेतला? मागच्या सामन्यात समोर कोण होतं? डॉक्टर याच्या पुढे जातात. दहा शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात, महिने डिसेंबरपासून उलटे विचारतात, डोळे मिटायला लावून एका पायावर उभं करतात आणि पाच मिनिटांनी तेच दहा शब्द पुन्हा मागतात. ‘स्कॅट-६’ नावाच्या या चाचणीला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. चेंडू लागल्यावर दोन मिनिटांत ‘ओके’ म्हणणं म्हणजे अंदाजच.

पुण्याजवळच्याच वाघोलीत नगर रस्त्यालगतच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर कबड्डी रंगते तेव्हा ना फिजिओ असतो ना हेल्मेट. पकडीत गुडघा कानशिलावर बसला की पोरगं डोकं झटकतं, कुणी तोंडावर पाणी मारतं, आणि ‘काय नाय झालं’ म्हणत ते पुढच्या चढाईला निघतं. तिथं नियम एकच हवा: शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. मेंदू सावरला नसताना दुसरा मार बसला, तर किशोरवयीन मुलांत क्वचित जीवघेणी सूज येते. त्या पोरानं दुचाकी चालवत घरी जायचं नाही, पहिले काही तास एकटं राहायचं नाही. उलट्या, झटके, मानेत दुखणं, हातापायांत मुंग्या, वाढती डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायची जुनी पद्धत आता मागे पडली. एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग चालणं आणि हलकी सायकल. त्यानंतर धावणं, एकट्यानं सराव, अंगाला न भिडता संघाबरोबर सराव, मग पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. जिथं डोक्याला मार लागू शकतो त्या पायरीआधी डॉक्टरांची परवानगी. मुलांना महिनाही लागतो, आणि शाळा आधी रुळावर यावी लागते.

दुबे मात्र दोनच दिवसांनी वानखेडेवर खेळला. त्याच वर्षी आयसीसीनं नियम केला: कन्कशनचं निदान झालं, तर किमान ७ दिवस बाहेर.