आधी घराचं चेकअप, मग मेकओव्हर!

‘‘ही भिंत पाडू, हॉल मोठा होईल. दोन दिवसांचं काम!’’ जुन्नरमधल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर उभं राहून कॉन्ट्रॅक्टरनं जाहीर केलं. आमचा फंडा सिंपल होता. खाली आजी, वर माडीवर आमचं वीकेंड होम. मॉड्युलर किचन, वायफाय आणि खिडकीतून शिवनेरी. मी तर टाइल्सही सिलेक्ट केल्या होत्या.

आजीनं एवढंच विचारलं, ‘‘भिंत गेल्यावर माडी कशावर राहायची गं?’’

कॉन्ट्रॅक्टर गप्प. मीही.

जाडजूड दगडी भिंत म्हणजे मजबूत, असं आपण धरून चालतो. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच दगड-मातीच्या भिंती आणि मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. अशा भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये नुसती भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर भिंत फुगते आणि सुटते. वरच्या गिलाव्यावरून यातलं काहीच कळत नाही.

मग बोलवायचं कोणाला?

पहिला नंबर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. मात्र त्याला दगड, माती, लाकूड यांच्या घरांचा अनुभव हवा. ‘आधी तपासलेलं एखादं जुनं घर दाखवा,’ असं बिनधास्त सांगा. काँक्रीटवर हॅमर मारून करायची टेस्ट मातीच्या भिंतीला उपयोगाची नाही. तुळया भिंतीत शिरतात, तिथं तो टोचून बघतो का, हे पाहा. ओल आणि वाळवी तिथंच लपते.

दुसरा आर्किटेक्ट. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा रजिस्ट्रेशन नंबर मागायला लाजू नका. जुन्या भिंतींना सरसकट सिमेंटचा गिलावा सुचवला, तर सावध! त्यानं ओल आत कोंडते. चुना तिला बाहेर पडू देतो. शिवाय जुन्नरला शिवनेरी आणि लेण्यांसारखी संरक्षित स्मारकं आहेत. त्यांच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. या पट्ट्यात दुरुस्तीलाही परवानगी लागते. आर्किटेक्टला हे आधीच विचारा.

घर डोंगरउतारावर असेल, तर भूगर्भतज्ज्ञही हवा. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४ला डोंगराचा कडाच गावावर आला आणि १५०हून अधिक माणसं गेली. तिथं भिंत कितीही पक्की असून काय उपयोग?

आणि कॉन्ट्रॅक्टर? सगळ्यात शेवटी. ज्याला तोडफोडीचे पैसे मिळणार, त्याच्याकडून तपासणी कशी करून घ्यायची? तपासणीची फी वेगळी द्या आणि रिपोर्ट लेखी, फोटोंसकट घ्या.

आमचा रिपोर्ट आला. भिंतीला हात लावायचा नाही. आणि दोन तुळयांची टोकं कुजलेली, बरोब्बर आजीच्या पलंगावर. त्याच संध्याकाळी पलंग हलवला. टाइल्सचं बजेट आता तुळयांना.

हॉल तेवढाच राहणार. आजी म्हणते, ‘‘एवढ्या हॉलमध्ये तीन लग्नं झाली, तुमचा टीव्ही मावेल!’’