सावकाश जेवणाऱ्याची पंगत

औंधच्या माझ्या दवाखान्यात एका आजोबांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, नातवाच्या प्रवाळांच्या मत्स्यपेटीत समुद्रघोडा ठेवावा का?"

ठेवू नये. २००१ पासून समुद्रघोड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पकडणे वा विकणे गुन्हा ठरतो. शिवाय त्याला दात नसतात, जठरही नसते. म्हणून दिवसातून अनेकदा थोडेथोडे अन्न लागते. पोहण्यात तो मंद. चपळ मासे त्याच्या वाटचे खाऊन टाकतात आणि भरल्या पेटीत तो उपाशी राहतो.

घरातील ज्येष्ठांचेही असेच घडते. सैल कवळी, थरथरते हात यांमुळे त्यांचे जेवण लांबते. इतरांची ताटे उचलली जाताच ते संकोचाने अर्धपोटी उठतात. त्यांना थोडे, पण वारंवार वाढावे. जेवण संपेपर्यंत शेजारी बसावे. वजन घटू लागल्यास मात्र तपासणी करून घ्यावी.