परसातील भोरड्या : ओळख व बंदोबस्त

धार व देवास या पूर्वीच्या पवार संस्थानांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या जुन्या घरांमागे आजही परस आढळतो. त्यातील पेरू, तुती वा उंबरावर पावसाळा सरता सरता पक्ष्यांचे मोठे थवे उतरू लागतात आणि साळुंक्या माजल्याची तक्रार सुरू होते. उपाय योजण्यापूर्वी यातील घरचा कोण व पाहुणा कोण, हे ओळखणे अगत्याचे आहे.

साळुंकी तपकिरी असून तिची चोच, पाय व डोळ्यामागील कातडी पिवळी असते. भांगपाडी मैना लहान व तांबूस. तिच्या काळ्या शेंडीची पिसे मागे वळलेली असतात. काळीपांढरी ती कवडी मैना. या तिघी बारमाही रहिवासी होत. भोरडीचे डोके, मान, पंख व शेपटी काळी, तर पाठ व पोट गुलाबी असते. हिंदी भाषक शेजारी तिला गुलाबी मैना म्हणतात. फसगत होते ती तिच्या पहिल्या वर्षाच्या पिलांमुळे. ती फिकट मातकट रंगाची असून त्यांच्या अंगी गुलाबी रंगाचा मागमूसही नसतो.

भोरडी आपल्याकडे घरटे बांधीत नाही. मध्य आशियातील गवताळ प्रदेशात वीण आटोपून ती जुलै-ऑगस्टपासून भारतात येऊ लागते व एप्रिलच्या सुमारास परतते. तिकडे तिचे मुख्य खाद्य नाकतोडे व टोळ. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर १९८० च्या दशकापासून या पक्ष्यांना घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले जातात, ते टोळांचा नाश व्हावा म्हणूनच. येथेही ती शेतातील किडे वेचते आणि पळस-सावरीच्या फुलांतील मध पिताना परागीकरण घडविते.

तथापि दुधात आलेल्या ज्वारीवर थवा बसला की नुकसान होते, हे नाकारता येत नाही. माळव्यात ज्वारी मागे पडून सोयाबीन पसरले, तसे माळे व गोफणीही दुर्मिळ झाल्या. ज्यांनी अद्याप ज्वारी राखली आहे, त्यांनी सकाळ-संध्याकाळ राखण करावी व चकाकत्या फिती बांधाव्यात. मात्र फितींची जागा वरचेवर बदलावी, अन्यथा पक्षी त्यांस सरावतात.

परसातील फळांचे घोस कापडी पिशव्यांनी झाकावेत. सैल नायलॉन जाळे लावणे अनिष्ट होय. त्यात पक्षी, सरडे व सापही अडकून मरतात. विषारी दाणे टाकणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. ते कोंबड्या व घरची जनावरेही खातात, शिवाय वन्य पक्ष्यांना मारणे वा पकडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. थवा रात्रीच्या मुक्कामाला येत असल्यास झाडाखालील विहीर व हौद झाकावेत. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, नाकातोंडास फडके बांधून ती काढावी.

कौलांखाली कोंबलेला काडीकचरा हे भोरडीचे काम नव्हे, ते साळुंकीचे. ती फट उन्हाळ्यापूर्वी, आत अंडी वा पिले नाहीत याची खात्री करूनच बुजवावी.

शिक्षकांनी थवा प्रथम दिसल्याची व शेवटचा दिसल्याची तारीख शाळेच्या फळ्यावर विद्यार्थ्यांकरवी लिहवून ती वहीत उतरून ठेवावी. या कामास खर्च काहीच नाही, आणि दोन-तीन वर्षांत राखण केव्हा सुरू करावी याचा अंदाज गावास येईल.