मिरचीचे वाण आणि घरच्या बागेतील अहिंसा

ज्या स्वयंपाकघरात कांदा, लसूण आणि बटाटा यांना प्रवेश नाही, तेथे पदार्थाची चव फार थोड्या जिन्नसांवर उभी असते. हिंग, जिरे, सुंठ, आमसूल आणि मिरची हे त्यांतील प्रमुख. मिरची जमिनीच्या वर फळते, तोडल्यावर झाड जिवंत राहते आणि कुंडीतही ती तग धरते. त्यामुळे गच्चीवर किंवा गॅलरीत दोन-चार झाडे लावण्याची हौस अनेक जैन कुटुंबांत दिसते. या हौसेला एक प्रश्न मात्र चिकटलेला आहे. मिरचीवर कीड लवकर पडते. कीड पडली की कोणी तरी फवारणीचा सल्ला देतो, आणि अहिंसा हे ज्याचे पहिले व्रत, त्या घरात औषधाची बाटली येते. हा प्रसंग टाळता येतो काय, याचा विचार रोप आणण्यापूर्वी करावयास हवा.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या व्यापारामार्फत ती सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. त्यापूर्वी येथील स्वयंपाकात तिखटपणा मिरे, पिंपळी आणि सुंठ यांचा असे. मिरीवरूनच या परक्या फळाला मिरची हे नाव मिळाले. आयंबिलाच्या भोजनात आजही मिरचीला जागा नसते आणि मिरी व सुंठ यांवर भागविले जाते, ही त्या जुन्या स्वयंपाकाची आठवणच म्हणता येईल.

वाण निवडताना पहिला प्रश्न उपयोगाचा असावा. बेडगी मिरची कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याच्या ब्याडगी गावावरून ओळखली जाते. तिची साल सुरकुतलेली, रंग गडद लाल आणि तिखटपणा बेताचा. रंगासाठी तिला मोठी मागणी असते. बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरच्या नावाची संकेश्वरी कोल्हापुरी चटणीला झणका देते. लवंगी आकाराने लहान, पण अतिशय तिखट. विदर्भात नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. भावनगरी मिरची जाड, मोठी आणि सौम्य असते. भरून करण्यासाठी व भज्यांसाठी तीच योग्य. ढोबळी मिरचीत तिखटपणा जवळजवळ नसतोच. दिल्लीच्या पुसा येथील संशोधन संस्थेने काढलेली पुसा ज्वाला लांब, बारीक आणि फिकट हिरवी असून हिरव्या तोडणीसाठी घरोघरी परिचित आहे. महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांनीही येथील हवामानासाठी वाण दिले आहेत : राहुरीची फुले ज्योती, परभणीची परभणी तेजस आणि दापोलीची कोकण कीर्ती ही त्यांतील काही नावे. फुले ज्योतीला मिरच्या घोसात लागतात.

येथे व्यापारी कुटुंबाला सहज पटेल असा एक हिशेब मांडावा. पिकलेल्या लाल मिरच्या वाळविल्या की वजन साधारण चौथाई ते तिहाई उरते. म्हणजे एक किलो सुकी मिरची हवी असेल तर तीन-चार किलो पिकलेली लागते. कुंडीतील पाच-सहा झाडांवर वर्षाच्या तिखटाची भिस्त ठेवणे व्यवहार्य नाही. रंगाची बेडगी आणि झणक्याची संकेश्वरी बाजारातून पारखून घ्यावी. घरच्या कुंडीत रोज लागणारी हिरवी मिरची लावावी. चार माणसांच्या कुटुंबाला ज्वालासारख्या वाणाची तीन झाडे आणि भावनगरीचे एक झाड पुरेसे होते. लवंगीचे झाड हौस म्हणून एखादे असावे, कारण एवढी तिखट मिरची रोज खपत नाही. गरजेपेक्षा अधिक झाडे म्हणजे अधिक कीड आणि अधिक हिंसेची शक्यता. परिग्रहाची मर्यादा बागेलाही लागू पडते.

तिथींचाही विचार वाण निवडताना होतो. अनेक घरांत अष्टमी व चतुर्दशीला आणि पर्वाच्या दिवसांत हिरवी भाजी वर्ज्य असते, मग हिरवी मिरचीही ताटात येत नाही. अशा घरात काही मिरच्या झाडावरच लाल होऊ द्याव्यात आणि उन्हात वाळवून ठेवाव्यात. बारीक सालीची मिरची लवकर वाळते. भावनगरी व ढोबळी यांची जाड साल वाळण्याआधीच कुजण्याचा संभव असतो, म्हणून त्या हिरव्याच वापराव्यात.

लागवडीचा काळ महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडाशी येतो. जूनमध्ये बी पेरावे. ते अर्ध्या सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो आणि पस्तीस-चाळीस दिवसांत रोप लावणीस येते. बारा इंची कुंडीत एकच रोप लावावे, तळाशी पाणी निचरण्यास भोक असावे आणि दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळावे. पुनर्लागणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी हिरवी मिरची तोडता येते. म्हणजे जुलैच्या मध्यानंतर लावलेल्या झाडाची पहिली तोडणी बहुधा पर्युषण व दशलक्षण पर्व आटोपल्यावरच हाती येते, आणि ज्या दिवसांत हिरवे तोडावयाचे नाही, त्या दिवसांत झाड आपोआपच वाढीत असते. हिरवी मिरची लाल होण्यास आणखी तीन-चार आठवडे जातात. तीव्र उन्हाळ्यात फुले गळतात. त्या काळात झाडाला दुपारची सावली द्यावी.

आता मूळ प्रश्न. मिरचीची पाने आकसून वेडीवाकडी होतात, त्या रोगाला शेतकरी चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. याची कारणे वेगवेगळी असतात आणि पान पाहून ती बरीचशी ओळखता येतात. पानाच्या कडा वरच्या बाजूस वळल्या असतील तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. खालच्या बाजूस वळून पान उलट्या होडीसारखे दिसत असेल तर कोळ्यांचा. पांढरी माशी विषाणू पसरविते आणि विषाणूने ग्रासलेले झाड बरे होत नाही. फवारणीने सर्व प्रश्न सुटतात असेही नाही. 2021-22च्या हंगामात तेलंगणा व आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी परदेशातून आलेल्या फुलकिड्यांवर पुनःपुन्हा औषधे मारली, तरी मोठ्या क्षेत्रावरील मिरची हातची गेली.

जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. माती खणणे, पाणी घालणे यांत होणारी हिंसा आरंभी प्रकारात मोडते. ती अटळ असली तरी यतनेने कमी करावयाची असते. किडे मारण्याच्याच हेतूने केलेली फवारणी मात्र संकल्पाच्या इतकी जवळ जाते की श्रावकाचे मन तेथे थबकावे. म्हणूनच घरच्या बागेत सारा भर प्रतिबंधावर असावा. रोपे लहान असताना त्यांवर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी घालावी, म्हणजे पांढरी माशी आत शिरत नाही. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत. युरिया अथवा अति नत्र देऊ नये, कारण लुसलुशीत कोवळ्या पानांवर रस शोषणारे किडे अधिक येतात. पाणी सकाळी मुळाशी द्यावे आणि पानांची खालची बाजू दिवसाउजेडी पाहावी. एखादे झाड विषाणूने ग्रासले तर ते लवकर बाजूला काढणे श्रेयस्कर. एका झाडाचा मोह शेजारच्या तीन झाडांना आणि त्यांवर येणाऱ्या असंख्य किड्यांना महाग पडतो.

बाजारात ‘सेंद्रिय’ हा शब्द छापलेली वस्तू अहिंसक असेलच असे नाही, हे जैन ग्राहकाने विशेष ध्यानात ठेवावे. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा. फुलझाडांच्या तयार मातीत व खतांत तो पुष्कळदा मिसळलेला असतो. माशांपासून केलेली द्रवखते व रक्ताची भुकटीही सेंद्रिय म्हणूनच विकली जाते. पिवळे चिकट सापळे विषारी नसतात, परंतु त्यांवर किडे चिकटून मरतात. निंबोळी अर्क किड्यांची वाढ व खाणे रोखतो. म्हणजे तोही निरुपद्रवी नव्हे. दुकानदाराला पिशवीतील घटक विचारावेत आणि उत्तर स्पष्ट नसेल तर पिशवी परत ठेवावी. चांगले कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि शेंगदाण्याची पेंड यांवर कुंडीतील मिरची समाधानकारक वाढते.

बियाणे घरचे धरावयाचे असेल तर आणखी दोन गोष्टी माहीत हव्यात. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच झाड देत नाही, म्हणून सुधारित सरळ वाणच घ्यावा. तसेच ढोबळीशेजारी लवंगी लावली म्हणून ढोबळी त्याच वर्षी तिखट होत नाही. परपरागीकरणाचा परिणाम बियांत साठतो आणि पुढील पिढीच्या झाडांत दिसतो. बियांसाठी ठेवावयाची एक-दोन फुले कळी असतानाच मलमलीच्या छोट्या पिशवीने झाकावीत आणि फळ धरले की खूण करून पिशवी काढावी. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असा समज आहे; वास्तविक तो बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात सर्वाधिक असतो. कमी तिखट हवे असेल तर तीच शीर काढावी.

औषध कोणते मारावे, हा प्रश्न बहुतेक घरांत झाड आजारी पडल्यावर विचारला जातो, आणि तेव्हा निवडीला फारशी जागा उरलेली नसते. जागेला व हवामानाला मानवणारा वाण, योग्य महिना, मोजकी झाडे, जाळी आणि पारखून घेतलेले खत ही पाच कामे जूनपूर्वी ठरली तर औषधाच्या बाटलीची वेळ सहसा येत नाही. इतके करूनही एखाद्या वर्षी कीड आलीच, तर त्या हंगामापुरती मिरची बाजारातून आणावी. कुंडीतील चार झाडांसाठी व्रत पणाला लावण्याचे कारण नाही. पुढच्या पावसाळ्यात बी पुन्हा पेरता येते.