तंटा मिटवावा कोणीं?

कारखाना असो वा कचेरी, जेथें चार माणसें एकत्र काम करतात तेथें तंटा केव्हां ना केव्हां व्हावयाचाच. तो मिटविणाऱ्या प्रमुखाच्या अंगीं कोणते गुण हवेत, हें अहमदाबादच्या गिरण्यांतील १९१८ सालच्या झगड्यावरून चांगलें कळतें.

प्लेगच्या दिवसांत मजूर शहर सोडून जाऊं नयेत म्हणून गिरणीमालक मजुरीशिवाय खास बोनस देत असत. साथ ओसरतांच तो बंद करण्याचें ठरलें. परंतु महायुद्धानें आणलेली महागाई कांहीं ओसरली नव्हती. मजुरांनीं ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांपुढें जाईनात. २२ फेब्रुवारीस गिरण्यांचे दरवाजे विणकरांना बंद झाले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, तर मजुरांच्या बाजूस त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन!

गांधीजींनीं मजुरीचे दर व जिन्नसांचे भाव तपासले आणि मजुरांची मागणी ३५ टक्क्यांवर आणविली. आपल्याच पक्षाला कमी मागावयास सांगणें सोपें नसतें. पण त्यामुळें वाद हट्टावरून हिशेबावर आला. पुढें मजुरांचा धीर खचूं लागला, तेव्हां १५ मार्चला त्यांनीं उपवास आरंभिला. त्याचें दडपण स्नेही मालकांवर पडलें, हा दोष त्यांनीं आत्मकथेंत स्वतःच कबूल केला आहे. एका पक्षाचा पुढारी कितीही थोर असला तरी त्यानें न्यायाधीश होऊं नये, तें याचसाठीं.

१८ मार्चला दोन्ही पक्षांनीं विद्वान प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांना पंच नेमिलें. पहिल्या दिवशीं ३५ टक्के वाढ, म्हणजे मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशीं २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून निवाड्यापर्यंत साडेसत्तावीस. कोणाचीही मान खालीं न जातां गिरण्या सुरू झाल्या. ऑगस्टमध्यें ध्रुवांनीं ३५ टक्क्यांचा निवाडा दिला.

आधीं आंकडे, मग उभयमान्य तटस्थ पंच, आणि निवाडा होईपर्यंत दोघांचीही अब्रू राखणारी तात्पुरती सोय, असा हा क्रम आहे. लहानशा कचेरींतही तो लागू पडतो. ज्या प्रमुखाचा कल आधींच एकीकडे झुकला असेल, त्यानें निकाल दुसऱ्यावर सोंपवावा. त्यांत कमीपणा नाहीं. १९२० मध्यें अहमदाबादेस मजूर महाजन स्थापन झालें व लवाद ही तेथील रूढ रीत बनली. भांडण पेटण्यापूर्वीं दाद मागण्याची वाट मोकळी असली, म्हणजे पुष्कळसे तंटे वाटेंतच विझतात.