गावच्या शाळेतून हायस्कुलात

महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. काही गावांत तिला आठवीचा वर्ग जोडलेला आहे. त्यापुढे शिकायचे तर मुलाला दुसऱ्या गावचे हायस्कूल गाठावे लागते. ही हायस्कुले बहुतांशी खासगी शिक्षण संस्थांची अनुदानित विद्यालये आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था हे त्यातले सर्वांत परिचित नाव. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशालाही आहेत. म्हणजे मूल वरच्या वर्गात जाते तेव्हा गाव, व्यवस्थापन, शिक्षक, प्रवास, पुस्तके आणि परीक्षा हे सगळे एकाच जूनमध्ये बदलते. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 2022 पासून राज्यभर शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो, गुलाबपुष्पे दिली जातात. आठवी-नववीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलासाठी असे काही नेमाने होत नाही. गळतीचे आकडे पाहिले की ही उणीव जास्तच खटकते. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या यूडायस प्लस अहवालानुसार देशात प्राथमिक स्तरावरची वार्षिक गळती 1.5 टक्के, उच्च प्राथमिकची 3 टक्के आणि माध्यमिकची 12.6 टक्के होती. मुले हातातून निसटतात ती मुख्यतः याच वळणावर.

या वळणाला जुना इतिहासही आहे. एकेकाळी मराठी सातवीची परीक्षा ‘फायनल’ म्हणूनच ओळखली जाई. ती उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. सातवी म्हणजे शिक्षण पुरे झाले, ही भावना अनेक घरांत तिथून आली. पुढे मॅट्रिक अकरावीला होती. 1975 पासून दहावीला शालान्त परीक्षा आली आणि हायस्कूल आजच्या रूपात स्थिरावले. आजच्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा पुष्कळदा सातवीला थांबलेले असतात, आईवडील दहावीच्या आसपास. हायस्कुलात नेमके काय लागते याचा अनुभव घरात असेलच असे नाही, म्हणून तयारी मुलाइतकीच घराचीही करावी लागते.

मुलाला पहिला धक्का बसतो तो माणसांचा. गावच्या शाळेत एक गुरुजी किंवा एक बाई दिवसभर वर्गासोबत असतात, सगळे विषय शिकवतात, मुलाच्या घरी कोण आजारी आहे हेही त्यांना ठाऊक असते. हायस्कुलात दर तासाला घंटा होते आणि दुसरे सर किंवा मॅडम येतात. प्रत्येकाची वही वेगळी, गृहपाठाची पद्धत वेगळी, फळ्यावरचे अक्षर वेगळे. वर्गात आठ-दहा गावांची मुले असतात. गावात पहिला येणारा मुलगा इथे बारावा-पंधरावा ठरतो आणि ते त्याला कोणी आधी सांगितलेले नसते. वेळापत्रक पाहून दप्तर भरणे हे साधे काम वाटते. पण आजवर सगळी पुस्तके वर्गातच ठेवणाऱ्या मुलाला ते शिकवावेच लागते. मे महिन्यात हायस्कुलातल्या एखाद्या मुलाचे जुने वेळापत्रक घरी आणून त्याप्रमाणे दोन-चार वेळा दप्तर भरून घेतले तर जूनमधला गोंधळ बराच कमी होतो.

दुसरा बदल मूल्यमापनाचा. शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाल्यापासून पहिली ते आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित मूल्यमापन होते, प्रगतिपुस्तकात श्रेणी येते. महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि त्यातही कमी पडल्यास त्याच वर्गात राहावे लागते. नववीत चित्र पूर्ण बदलते. बीजगणित आणि भूमिती ही गणिताची दोन स्वतंत्र पुस्तके होतात, भूमितीत सिद्धता लिहाव्या लागतात, लेखी परीक्षेत तासन्तास लिहीत बसावे लागते. सेमी-इंग्रजीच्या तुकडीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते. संयुक्त संस्कृत घ्यायचे की पूर्ण हिंदी, हाही निर्णय हायस्कुलात पुढे येतो. शेजारच्या मुलाने सेमी घेतले म्हणून आपणही घ्यायचे, असे अनेक घरांत होते. मुलाला इंग्रजी परिच्छेद वाचून अर्थ सांगता येतो का, हे आधी पाहावे. येत नसेल तर मराठीतून गणित पक्के करण्यात काहीच कमीपणा नाही, आणि हे शिक्षकांनी पालकांना मोकळेपणाने सांगायला हवे.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र मागे राहिलेल्या अभ्यासाची. ‘असर’च्या 2023 च्या पाहणीत 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांमधली 14 ते 18 वयाची मुले तपासली गेली. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सफाईने वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित 43.3 टक्के मुलांनाच जमले. असे मूल नववीच्या वर्गात बसते तेव्हा त्याला बहुपदी कळत नाही, कारण त्याला भागाकारच आलेला नाही. ते गप्प बसते, गप्प बसलेले कोणाच्या नजरेत येत नाही, आणि काही महिन्यांत ते यायचे थांबते. करोनाकाळानंतर 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्याने 45 दिवसांचा सेतू अभ्यास राबवला होता. तसा छोटा सेतू प्रत्येक हायस्कूल आपापल्या नव्या तुकडीसाठी जूनमध्ये बांधू शकते. पहिल्या आठवड्यात वाचन आणि चार मूलभूत क्रियांची चाचणी घ्यावी, तिचे गुण कुठेही नोंदवू नयेत, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी पंधरा-वीस दिवस रोज एक तास राखून ठेवावा. नववीचा अभ्यासक्रम मोठा आहे, वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण पाया नसलेल्या मुलासमोर पुढचे धडे उरकले तरी तो वेळ वायाच जातो.

कायद्याची आणि योजनांची कुंपणे कुठे संपतात हे प्रत्येक पालकाला माहीत असले पाहिजे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क 6 ते 14 वयासाठी, आठवी पूर्ण होईपर्यंतचा आहे. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून रोज 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. नववीपासून डबा घरून न्यावा लागतो. मोफत पाठ्यपुस्तके आणि गणवेशही आठवीनंतर थांबतात. वाढीचे वय, लांबची शाळा आणि दुपारचे जेवण बंद, हे तिन्ही एकाच वेळी मुलाच्या वाट्याला येते. धोरण म्हणून हे चूक आहे, आणि पोषण आहार दहावीपर्यंत न्यायला हवा. तोवर निदान घराने हा खर्च एप्रिलमध्येच हिशेबात धरावा. पुस्तके, वह्या, गणवेश आणि पास यांची रक्कम जूनमध्ये एकदम उभी राहते, आणि त्याच दिवसांत बी-बियाण्यांसाठीही पैसा लागतो. वरच्या वर्गात गेलेल्या मुलांची पुस्तके गोळा करून ठेवणारी पुस्तकपेढी ज्या विद्यालयांत आहे, तिथे मे महिन्यातच चौकशी केलेली बरी.

मदतीच्या वाटाही आहेत, फक्त त्यांची वेळ आधीची असते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातली ‘एनएमएमएस’, आठवीत असताना परीक्षा देऊन मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते, आणि निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे दोन भाग, प्रत्येकी 90 गुणांचे. ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, त्यामुळे मूल कोणत्या शाळेत जाते याला इथे अर्थ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या नावाचे आधारजोडणी असलेले बँक खाते आधी तयार नसेल तर निवड होऊनही पैसे अडकतात.

कागदपत्रांकडे घरात सहसा शेवटी लक्ष जाते, आणि त्याचा त्रास पुढे कित्येक वर्षे होतो. प्राथमिक शाळेतून निघताना जो शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, त्यावरची नावाची, जन्मतारखेची आणि जातीची नोंद हायस्कुलाच्या जनरल रजिस्टरात जशीच्या तशी उतरते. तिथून ती दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि पुढच्या प्रत्येक कागदावर जाते. जातपडताळणीतही शाळेची जुनी नोंद तपासली जाते. मूल शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करता येते. शाळा सोडल्यावर तेच काम फार अवघड होते. म्हणून दाखला हातात येण्याआधी पालकांनी मूळ शाळेचे रजिस्टर एकदा डोळ्यांनी पाहावे, आधारवरचे नाव त्याच्याशी जुळते का ते पाहावे. वडिलांचे नाव एका ठिकाणी अपभ्रंश होऊन लिहिलेले आणि दुसरीकडे पूर्ण, असा फरक नेहमी सापडतो. आधारमधले बोटांचे ठसे वयाच्या पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात, आणि ते वय नववी-दहावीतच येते. आठवीपर्यंतच्या प्रवेशात दाखला उशिरा आला म्हणून मुलाला बाहेर ठेवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते. हे ठाऊक असलेला पालक मुख्याध्यापकांशी नीट बोलू शकतो.

अंतराचा प्रश्न मुलींच्या बाबतीत निर्णायक ठरतो. महाराष्ट्राच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे. माध्यमिक शाळेसाठी पाच किलोमीटरचा मापदंड केंद्राच्या योजनेत धरला गेला, पण वाड्या-वस्त्यांवरून प्रत्यक्ष पायवाट त्याहून लांब पडते. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा प्रवास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना पासावर 66.67 टक्के सवलत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत मुलींसाठी खास बसगाड्या धावतात आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पासासाठी शाळेचे बोनाफाईड लागते, म्हणून प्रवेश झाल्या दिवशीच ते मागून घ्यावे.

पास हातात असला तरी घरच्यांची भीती उरतेच. सकाळची गाडी चुकली तर काय, संध्याकाळी अंधार पडला तर सोबत कोण, वाटेत कोणी त्रास दिला तर सांगायचे कुणाला. याच प्रश्नांपायी अनेक हुशार मुली घरी बसवल्या जातात, आणि त्यातल्या काहींचे अठरा वर्षांच्या आत लग्न ठरते. हे प्रश्न खोटे नाहीत. त्यांना व्यवस्थेनेच उत्तर द्यावे लागते. एका गावातल्या सगळ्या मुलींनी एकाच गाडीने जायचे-यायचे, वरच्या वर्गातल्या दोघींवर त्यांची जबाबदारी द्यायची, गाडीच्या वेळा आगाराशी बोलून शाळेच्या घंटेशी जुळवून घ्यायच्या, ही कामे ग्रामपंचायत आणि मुख्याध्यापक मिळून करू शकतात. शाळांमध्ये 2022 पासून सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासननिर्णय आहे. तिच्यात कोण आहे आणि तक्रारपेटी कुठे आहे हे मुलींना पहिल्याच आठवड्यात दाखवावे. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक पाठ असावा. शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, पाळीच्या दिवसांत काय सोय आहे, हे प्रवेशाच्या वेळी आईने विचारण्यात संकोच बाळगू नये. या एका कारणाने महिन्यातले तीन-चार दिवस बुडतात.

दोन शाळांनी एकमेकींशी बोलायला हवे, ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सातवीचा किंवा आठवीचा वर्ग हायस्कुलात एक दिवस घेऊन जावा. प्रयोगशाळा, वाचनालय, मैदान, कार्यालय पाहावे, गावातून आधी तिथे गेलेल्या मुलांशी त्यांची गाठ घालून द्यावी. शिक्षकांसमोर न विचारलेले प्रश्न मुले तिथे विचारतात: कोणते सर रागावतात, डबा कुठे खायचा, मोठी मुले त्रास देतात का. त्याच सुमारास वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहून पाठवाव्यात: कोणाला कमी ऐकू येते, कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कोणाचे चित्र सुंदर आहे, कोण अडखळत बोलतो. दाखल्यावर यातले काहीच येत नाही.

पालकांची बैठकही त्यांच्याच गावात आणि संध्याकाळी घ्यावी. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तिथे त्यांना बोलायची सवय झालेली असते. हायस्कुलाच्या फाटकातून आत जाताना तेच पालक बिचकतात. संस्थेच्या शिक्षकांनी एकदा गावात येऊन वर्षाचे वेळापत्रक, खर्च आणि सुट्ट्या सांगितल्या, वर्गशिक्षकांचा फोन नंबर दिला, तर पुढे पालक स्वतःहून येतात. घरातही मुलाला कामातून किती वेळ सोडायचे, रात्री दिवा कुठे मिळेल, मोबाइल कोणाकडे राहील, हे आधी ठरलेले असावे.

सत्र जूनच्या मध्यावर सुरू होते, विदर्भात उन्हामुळे थोडे उशिरा. पहिले सहा आठवडे रोजची हजेरी बारकाईने पाहिली पाहिजे. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी गेले तर बहुतेक वेळा मूल परत येते. महिन्यानंतर गेल्यास ते कामाला लागलेले असते. पहिल्या घटक चाचणीनंतर पालकांना बोलवावे, गुण कमी असले तर आधी मुलाशी एकट्याने बोलावे. दुसरी कसोटी दिवाळीच्या सुट्टीनंतर लागते. बीड, अहिल्यानगर आणि शेजारच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे याच काळात कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडण्याचा निर्णय राज्याने 2021 मध्ये घेतला, तालुक्याच्या गावी समाजकल्याण विभागाची वसतिगृहेही आहेत. तिथले अर्ज शाळा सुरू होतानाच भरावे लागतात. त्यामुळे कोणत्या मुलाचे घर ऑक्टोबरमध्ये हलणार आहे याची यादी हायस्कुलाकडे जूनमध्येच असली पाहिजे, आणि आजीपाशी मागे राहणाऱ्या मुलाच्या जेवणाची, अभ्यासाची चौकशी वर्गशिक्षकांनी दर आठवड्याला करायला हवी.