नाव सुटण्यापूर्वी

कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. वाईचे घाट ओलांडून ती कराडला येते. तेथे कोयना नदी तिला मिळते. या संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. पुढे ती सांगली जिल्ह्यात शिरते. सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा तिला येऊन मिळते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील ऊस आणि हळद याच पाण्यावर पिकते.

पण पावसाळ्यात या नदीचे रूप पालटते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची उंची मोजतात. तेथे ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. अनेक गावांना पुराने वेढा घातला. रस्ते बुडाले. बाहेर पडण्यासाठी नाव हाच एक मार्ग उरला.

पलूस तालुक्यात कृष्णा आणि येरळा या नद्यांच्या संगमावर ब्रह्मनाळ नावाचे गाव आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावातील माणसे नावेतून सुरक्षित जागी निघाली होती. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुले होती. नावेत तिला झेपतील त्यांपेक्षा जास्त माणसे बसली होती. नाव उलटली आणि सतरा माणसांचे प्राण गेले. त्या माणसांना दोष कसा द्यावा? घरात पाणी चढत असताना मागे राहायला कोण तयार होईल? पण त्यांच्या दुःखातून आपण शिकले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, नाव का तरंगते? नाव काही पाणी बाजूला सारते. जेवढे पाणी ती सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला खालून देते. वजन वाढले की नाव खाली बसते. तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. मग एखादी लहान लाटही आत शिरते.

एक लीटर पाण्याचे वजन एक किलो असते. नावेत १५ लीटरच्या दहा बादल्या पाणी शिरले तर दीडशे किलो वजन वाढते. जणू आणखी तीन माणसे नावेत चढली! शिवाय माणसे एका जागी बसतात, पाणी बसत नाही. नाव ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला ते धावते आणि नाव अधिकच कलते. म्हणून पाणी शिरल्यावर विचार करायला फार वेळ मिळत नाही. खरी तयारी काठावरच करावी लागते.

नाव सुटण्यापूर्वी कोणती तयारी करावी? प्रथम नावाड्याला विचारावे, "मामा, या नावेत किती माणसे बसतात?" तो सांगेल त्यापेक्षा एकही माणूस जास्त बसू नये. नावेच्या तळाशी पाणी साचले आहे का, ते पाहावे. पाणी उपसण्यासाठी एक डबा दोरीने नावेला बांधून ठेवावा. भोक बुजवण्यासाठी जुने कापड, लांब दोरी, शिट्टी आणि विजेरी जवळ असावी. जीवरक्षक जाकीट असेल तर ते अंगात घालावे, मांडीवर ठेवू नये. जाकीट नसेल तर घट्ट झाकणाचा रिकामा कॅन जवळ ठेवावा. पूर्वी आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना मुलांच्या कमरेला सुका भोपळा बांधत. कॅनचे काम तेच. आतली हवा माणसाला वर धरून ठेवते.

नावेत पाणी शिरू लागले तर काय करावे? लगेच नावाड्याला सांगावे. उभे राहू नये. सगळ्यांनी एका बाजूला सरकू नये. खाली, मध्यभागी बसावे. एकाने पाणी उपसावे. दुसऱ्याने भोक शोधून त्यात कापड घट्ट कोंबावे. जड सामान पाण्यात टाकून द्यावे. सामान पुन्हा मिळेल, प्राण पुन्हा मिळणार नाहीत. नावाड्याने नाव जवळच्या काठाकडे वळवावी.

नाव उलटलीच, तर तिला धरून राहावे. लाकडी नाव उलटली तरी बहुधा तरंगत राहते. नाव हातातून सुटली तर प्रवाहाच्या विरुद्ध पोहू नये, दम संपतो. उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावे आणि तिरके तिरके काठाकडे सरकावे. काठावरच्या माणसांनी घाईने पाण्यात उडी घेऊ नये. दोरी, बांबू किंवा रिकामा कॅन बुडणाऱ्याकडे टाकावा. मदतीसाठी ११२ या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

समजा, पूर आला आहे. नाव भरली आहे. तुम्ही काठावर उभे आहात. आतून कोणीतरी म्हणते, "ये रे बाळ, सरकून बसू थोडे!" त्या वेळी "काका, तुम्ही पुढे व्हा, मी दुसऱ्या फेरीला येतो," असे म्हणणे सोपे नाही. आणि जे पुढे जातात त्यांनी नाव ताबडतोब परत पाठवली पाहिजे. मागे राहिलेल्याला तेवढा भरवसा हवा. असा भरवसा एकमेकांना देणे, हीसुद्धा पुराची तयारीच आहे.

स्वाध्याय
१. नावेत शिरलेले पाणी माणसांच्या वजनापेक्षा अधिक धोक्याचे का असते?
२. रिकामा कॅन आणि सुका भोपळा यांत कोणते साम्य आहे?
३. 'सामान पुन्हा मिळेल, प्राण पुन्हा मिळणार नाहीत' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावाजवळच्या नदीच्या पुराविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच वाक्ये लिहा.